घरट्यावरचा कॅमेरा : अंश दिसतो, छेद दिसत नाही

अमेरिकेतील आयोवा राज्यात डेकोरा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील मत्स्यबीज केंद्राजवळच्या उंच झाडावर बाल्ड ईगल या गरुडाच्या एका जोडीने घरटे केले होते. रॅप्टर रिसोर्स प्रोजेक्ट या संस्थेने या घरट्यावरील कॅमेऱ्याचे चित्र २०११ साली इंटरनेटवरून थेट दाखवले आणि ते २० कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले. त्यानंतर अशा कॅमेऱ्यांची संख्या वाढत गेली. कॅलिफोर्नियातील बिग बेअर खोऱ्यातील जॅकी आणि शॅडो ही जोडी तर आज जगभर ओळखीची झाली आहे. ज्या शाळेत पडदा व इंटरनेट आहे, तेथील शिक्षकाला हे घरटे थेट वर्गात आणता येते. शिवाय ते फुकट असते, सुंदर असते आणि मुले त्याकडे एकटक पाहत राहतात.

एखादे नवे पाठ्यपुस्तक आले की आपण ते तपासून पाहतो. त्यात काय आहे, काय सुटले आहे, मुलांच्या मनात कोणती चुकीची कल्पना रुजण्याचा धोका आहे, हे आपण विचारतो. घरट्यावरच्या कॅमेऱ्यालाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत. कारण तोही शिकवतो. आणि शिक्षक काही बोलला नाही तर तो एकटाच शिकवतो.

कॅमेऱ्याने काय दिले?

प्रथम जमेची बाजू पाहू. फ्रान्सिस हेरिक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात ओहायो राज्यातील व्हर्मिलियन येथे याच गरुडाचा अभ्यास केला. त्यासाठी त्याला घरट्याशेजारी मनोरे उभारून, वर आडोशाला बसून तासन्‌तास निरीक्षण करावे लागले. त्यातून १९३४ साली त्याचे गरुडावरील पुस्तक तयार झाले. त्याला ज्यासाठी एवढे कष्ट पडले, ते आज एका कळीवर दिसते. रात्रीचेही दिसते, कारण कॅमेरा अवरक्त प्रकाश वापरतो आणि तो गरुडाच्या डोळ्यांना जाणवत नाही.

या चित्रात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मादी नरापेक्षा मोठी असते. दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात आणि उबवण्याचा काळ साधारण ३५ दिवसांचा असतो. पिल्लाजवळून चालताना मोठे पक्षी नख्या आत मुडपून मूठ केल्यासारखे पाऊल टाकतात. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचे वजन जेमतेम १०० ग्रॅम असते. दहा-बारा आठवड्यांत तेच पिल्लू चार किलोच्या आसपास पोचते आणि उडू लागते. पहिल्या दोन आठवड्यांत त्याला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही, म्हणून आईबाप त्याला पंखांखाली घेऊन बसतात. पोट भरलेल्या पिल्लाच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी फुगलेली स्पष्ट दिसते. आठवीच्या मुलाला ‘उष्णरक्ती प्राणी’ ही संज्ञा पाठ करण्यापेक्षा, हिमवर्षावात अंग बर्फाने झाकले गेले तरी अंड्यांवरून न हलणारा पक्षी पाहून अधिक समजेल, यात शंका नाही.

चौकटीबाहेरचा गरुड

आता उणे बाजू. पहिली उणीव कॅमेऱ्याच्या चौकटीतच आहे. कॅमेरा घरट्यावर रोखलेला असतो. त्यामुळे जो पक्षी घरट्यात अधिक वेळ बसतो तो अधिक दिसतो, आणि जो बाहेर राबतो तो ‘गैरहजर’ ठरतो. पिल्ले लहान असताना घरट्यात बहुतेक वेळ मादी असते. त्या काळात भक्ष्य आणण्याचे बरेचसे काम नर करतो. त्याने मासा पकडण्यासाठी किती फेऱ्या मारल्या, किती फसल्या, किती अंतर तो उडाला, यातले काहीच चित्रात येत नाही. चित्रात येतात ती फक्त शेवटची पाच सेकंदे : नर आला, मासा टाकला, गेला. पाहणाऱ्याची समजूत मात्र अशी होते की आई मुलांना वाढवते आणि बाप अधूनमधून डोकावतो. ही समजूत गरुडाच्या वागण्यातून आलेली नाही, कॅमेऱ्याच्या जागेतून आलेली आहे. उपकरणाची जागा बदलली की निष्कर्ष बदलतो, हे विज्ञानातले मूलभूत सूत्र शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. ते शिकवले नाही तर मात्र कॅमेरा उलटेच शिकवून जातो.

दुसरी उणीव निवेदनाची आहे. घरट्यातील पक्ष्यांना नावे असतात. नावे देण्यात स्वतः काही गैर नाही. जेन गुडाल यांनी चिंपांझींना नावे दिली तेव्हा काही शास्त्रज्ञांनी नाके मुरडली. पण एकेक प्राणी वेगळा ओळखल्यामुळेच त्यांना पुढचे शोध लागले. डेकोराच्या पिल्लांना ‘डी’ अक्षर व क्रमांक दिला जातो, तर बिग बेअरच्या पिल्लांची नावे तेथील तिसरीच्या मुलांच्या मतदानातून ठरतात. दोन्ही पद्धतींनी ओळख पटण्याचे काम होते. अडचण येते ती नावाबरोबर भूमिका चिकटते तेव्हा : समंजस आई, विसराळू बाप, दांडगट थोरला, बिचारा धाकटा. एकदा भूमिका ठरली की पुढचे प्रत्येक निरीक्षण तिच्यात बसवले जाते. २०१६ साली पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गजवळच्या घरट्यात गरुडाने पिल्लांना भरवण्यासाठी मांजर आणले, तेव्हा अनेक प्रेक्षक हादरले. तोच पक्षी रोज मासे आणत होता, तेव्हा कुणी हादरले नव्हते. गरुडाचे वागणे दोन्ही दिवशी एकच होते. बदलला होता तो प्रेक्षकाचा भक्ष्याशी असलेला संबंध.

त्रेचाळीस घरट्यांचा हिशेब

पण या दोन्ही उणिवांहून मोठी अशी तिसरी आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिला आहे. कॅमेरा एक घरटे दाखवतो. किती घरट्यांपैकी एक, हे तो सांगत नाही. अपूर्णांकाच्या भाषेत बोलायचे तर तो अंश दाखवतो, छेद दाखवत नाही. आणि छेद माहीत नसलेल्या अंशाला किंमत नसते, हे गणिताच्या शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

याचे महत्त्व कळण्यासाठी बाल्ड ईगलचाच इतिहास पाहू. चार्ल्स ब्रोली हे कॅनडातील विनिपेग येथील निवृत्त बँक व्यवस्थापक. साठीच्या उंबरठ्यावर असताना, १९३९ साली, त्यांनी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर गरुडांच्या घरट्यांवर चढून पिल्लांच्या पायात क्रमांकाची कडी अडकवण्याचे काम हाती घेतले. १९५९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी १,२०० हून अधिक पिल्लांना कडी अडकवली. ते दरवर्षी त्याच किनाऱ्यावर जात, तीच घरटी पाहत आणि नोंद ठेवत. १९४७ च्या सुमारापासून त्यांच्या वहीतले आकडे बदलू लागले. पिल्ले कमी होऊ लागली.

रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ सालच्या पुस्तकात ब्रोलींचा १९५७ सालचा हिशेब दिला आहे. त्या वर्षी त्यांना ४३ घरटी वापरात असलेली आढळली. त्यांपैकी ७ घरट्यांत मिळून ८ पिल्ले झाली. २३ घरट्यांत अंडी होती, पण ती उबली नाहीत. उरलेल्या १३ घरट्यांत अंडीच नव्हती. मोठे पक्षी तेथे केवळ बसून खात होते. पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये, एका पिल्लाला कडी घालण्यासाठी त्यांना १०० मैलांहून अधिक किनारा पालथा घालावा लागला.

आता अशी कल्पना करा की १९५७ साली त्या किनाऱ्यावर कॅमेरा होता. तो अर्थातच एकाच घरट्यावर असता. त्या सातांपैकी एखाद्या घरट्यावर तो असता, तर प्रेक्षकांनी काय पाहिले असते? दक्ष आई, मासे आणणारा बाप, वाढणारे पिल्लू, पहिले उड्डाण. सगळे आनंदात. त्याच वेळी त्या किनाऱ्यावरून गरुड नाहीसा होत चालला होता, आणि कॅमेऱ्यातील कोणत्याही क्षणात त्याची खूण मिळाली नसती. कॅमेरा तेवीसांपैकी एखाद्या घरट्यावर असता तर? एक पक्षी महिनाभर आणि त्याहूनही अधिक काळ निष्ठेने अंड्यांवर बसलेला दिसला असता, आणि अखेर काहीच झाले नसते. लोक हळहळले असते. पण ‘या जोडीचे दुर्दैव’ यापलीकडे निष्कर्ष निघाला नसता. दुर्दैव एका घरट्यात असते. ४३ पैकी ३६ घरट्यांत ते असेल तर त्याला कारण असते. ब्रोलींना हे दिसले, कारण त्यांच्याजवळ छेद होता.

कारण सापडले ते कपाटात

पुढचा भाग आणखी बोलका आहे. कारण शोधले गेले ते जिवंत घरट्यांकडे पाहून नव्हे, तर संग्रहालयांतील जुन्या अंड्यांची कवचे मोजून. ब्रिटनमधील डेरेक रॅटक्लिफ यांना बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटलेली आढळत होती. कवच पातळ झाले असेल का, असा त्यांना प्रश्न पडला. संग्राहकांकडची अंडी आतून रिकामी केलेली असतात; ती फोडून जाडी मोजणे शक्य नव्हते. त्यांनी साधी युक्ती केली. कवचाचे वजन मिलिग्रॅममध्ये घ्यायचे आणि त्याला अंड्याच्या मिलिमीटरमधील लांबी व रुंदीच्या गुणाकाराने भागायचे. हा आकडा जाडीचा निदर्शक होतो. तराजू आणि मापक यांच्या पलीकडे त्याला काही लागत नाही. दशकानुदशकांच्या अंड्यांवर हा भागाकार केल्यावर १९४७ च्या सुमारास आकडा एकाएकी खाली आलेला दिसला. हा निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी हिकी व अँडरसन यांनी अमेरिकेतील अंड्यांवर तसेच मोजमाप करून दाखवले. ऱ्हास होत असलेल्या शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच तेथेही १९४७ पासून पातळ झाले होते, आणि ही घट १९ टक्के किंवा अधिक होती.

डीडीटीचा शेतीत व डासांविरुद्ध सर्रास वापर सुरू झाला तो याच काळात. शरीरात डीडीटीपासून डीडीई हा पदार्थ तयार होतो. अन्नसाखळीत तो वर वर साठत जातो आणि माशांवर जगणाऱ्या गरुडात त्याचे प्रमाण फार वाढते. अंड्याभोवती कवच घडवणाऱ्या ग्रंथीला कॅल्शियम पुरवण्याच्या क्रियेत तो अडथळा आणतो. कवच पातळ झालेले अंडे बसणाऱ्या पक्ष्याच्या भाराने फुटते, किंवा आतला ओलावा उडून गर्भ मरतो. १९६३ साली अलास्का व हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत बाल्ड ईगलच्या अवघ्या ४१७ जोड्या मोजल्या गेल्या. १९७२ साली तेथे डीडीटीच्या वापरावर बंदी आली. २००७ साली हा पक्षी धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून काढण्यात आला, आणि २०२१ साली जाहीर झालेल्या अंदाजानुसार त्याच भूभागात ७१,४०० जोड्या होत्या. आज आपण कॅमेऱ्यातून जे घरटे पाहतो ते या सत्तर हजारांतले एक आहे. ते आज पाहायला मिळते ते ४३ घरट्यांचा हिशेब आणि कपाटातील कवचांचा भागाकार यांच्यामुळे.

बिग बेअरच्या जोडीने २०२४ च्या जानेवारीत तीन अंडी घातली आणि ती कितीतरी आठवडे उबवली. एकही अंडे उबले नाही. लाखो डोळे त्या अंड्यांवर होते. पण डोळ्यांची संख्या वाढवल्याने नमुन्याची संख्या वाढत नाही. एक घरटे लाख जणांनी पाहिले तरी ते एकच राहते. ती अंडी का उबली नाहीत, याचे उत्तर चित्रात नव्हते आणि असू शकत नव्हते.

कॅमेरा उपयोगी पडतो तो केव्हा, याचेही उदाहरण याच राज्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील चॅनेल बेटांवरून डीडीटीमुळे हा गरुड नाहीसा झाला होता. लॉस एंजेलिसजवळच्या कारखान्याच्या सांडपाण्यातून आलेले डीडीटी तेथील समुद्रतळाशी साचले होते. १९८० पासून बेटांवर पुन्हा गरुड आणून सोडण्यात आले. पण अंडी फुटत राहिली. तेव्हा अंडी काढून घ्यायची, घरट्यात खोटी अंडी ठेवायची, खरी अंडी यंत्रात उबवायची आणि पिल्ले परत घरट्यात सोडायची, असा खटाटोप कित्येक वर्षे करावा लागला. २००६ साली सांताक्रूझ बेटावर माणसाच्या मदतीशिवाय पिल्लू बाहेर आले. त्या बेटांवर ५० वर्षांहून अधिक काळात असे प्रथमच घडत होते, आणि कॅमेऱ्याने ते दाखवले. येथेही घरटे एकच होते. पण त्याच्यामागे ‘कवच आता टिकते का?’ हा प्रश्न होता आणि अनेक वर्षांचे आकडे होते. म्हणून त्या एका पिल्लाला अर्थ होता.

पिल्लू मरते तेव्हा

शिक्षकापुढचा सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच असतो. वर्ग पाहत असलेल्या घरट्यातील पिल्लू मरते. बिग बेअरला २०२५ च्या मार्चमध्ये हे झाले. ३ व ४ तारखेला दोन पिल्ले आणि ८ तारखेला तिसरे अंड्यातून बाहेर आले. महिन्याच्या मध्याला हिमवादळ झाले आणि त्यानंतर तीनांतले एक पिल्लू राहिले नाही. उरलेली दोन जूनमध्ये उडाली. मुले विचारतात, ‘सर, आईने त्याला का वाचवले नाही?’

याची दोन तयार उत्तरे आहेत आणि दोन्ही टाळावीत. एक म्हणजे ‘आईने खूप प्रयत्न केले, पण देवाची इच्छा’ अशा थाटाचे. दुसरे म्हणजे ‘हा निसर्गाचा नियम आहे’. दुसरे उत्तर वैज्ञानिक वाटते, म्हणून अधिक फसवे आहे. त्याने काहीच स्पष्ट होत नाही. प्रश्न फक्त बंद होतो.

खरे उत्तर अंडी घालण्याच्या वेळापत्रकापासून सुरू करता येते. गरुडाची मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते, पण उबवणे लवकर सुरू होते. त्यामुळे पिल्लेही काही दिवसांच्या अंतराने बाहेर येतात. चार-पाच दिवसांचे अंतर आपल्याला क्षुल्लक वाटते. पण रोज झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांत तेवढ्याने वजनात मोठा फरक पडतो. थोरले उंच असते, चोच वर करते, घास आधी मिळवते. पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला याचा एक अर्थ सुचवला. अन्न पुरेसे असेल तर सगळी पिल्ले जगतात; अपुरे असेल तर सगळी अर्धपोटी राहून मरण्याऐवजी सर्वांत धाकटे लवकर मरते आणि इतर वाचतात. दुसरा विचार असा की जादा अंडे हा एक प्रकारचा विमा असतो. पहिले अंडे वाया गेले तर दुसरे हाताशी असते.

गरुडांच्या सर्व जातींत हे सारखे नाही, हेही सांगावे. झिंबाब्वेतील माटोबो टेकड्यांत व्हॅलेरी गार्गेट यांनी आफ्रिकेतील काळ्या गरुडाचा अभ्यास केला. त्यांनी नोंदलेल्या एका घरट्यात थोरल्या पिल्लाने तीन दिवसांत धाकट्याला दीड हजारांहून अधिक वेळा टोचले. त्या जातीत दुसरे पिल्लू जवळजवळ कधीच जगत नाही, मग अन्न कितीही असो. बाल्ड ईगलमध्ये मात्र दोन पिल्ले जगणे नेहमीचे आहे. तीनही जगू शकतात. म्हणजे ‘गरुड असेच वागतात’ असे सरसकट विधान चुकीचे ठरते. कोणता गरुड, कोणत्या वर्षी, किती अन्न असताना, हे विचारावे लागते.

आणि शेवटी, दिसलेले, अनुमान केलेले व अज्ञात असे तीन रकाने फळ्यावर आखावेत. वादळ झाले, हे दिसले. लहान पिल्लू थंडी व भूक यांना लवकर बळी पडते, हे इतर अभ्यासांवरून केलेले अनुमान. याच पिल्लाच्या मृत्यूचे नेमके कारण अज्ञात; कारण कॅमेरा शवविच्छेदन करत नाही. दुःख झालेल्या मुलाला हे उत्तर कोरडे वाटेल अशी भीती बाळगू नये. खोटा दिलासा मुलांना लवकर ओळखू येतो. आपले दुःख खरे आहे आणि आपला प्रश्नही खरा आहे, हे त्याला कळले पाहिजे.

हस्तक्षेप करावा का?

२०१४ साली मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या कॅमेऱ्यात एक पिल्लू जखमी झालेले दिसले. विभागाने प्रथम ठरवले की हस्तक्षेप करायचा नाही. प्रेक्षकांचा दबाव इतका वाढला की अखेर पिल्लू घरट्यातून काढून उपचारासाठी न्यावे लागले. त्याचा पंख मोडलेला होता आणि शरीरात संसर्ग पसरला होता. त्याला शांतपणे मरण द्यावे लागले. दया दाखवणाऱ्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. दया ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की ती कोठे खर्च होते.

२०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ३८ राज्यांतील १,२१० गरुड त्यात तपासले होते. त्यांपैकी जवळपास निम्म्या पक्ष्यांत दीर्घकाळ शिसे साचल्याची चिन्हे मिळाली. शिकाऱ्यांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या प्राण्यांचे अवशेष खाल्ल्याने ते शरीरात जाते. डेकोराच्या घरट्यातून उडालेली दोन पिल्ले २०१२ साली विजेच्या खांबांवर धक्का बसून मेली. ही कारणे माणसाने निर्माण केलेली आहेत, आणि माणसाला ती दूर करता येतात. पण गोळीतील शिसे किंवा खांबावरची तार चौकटीत येत नाही, म्हणून तिच्यासाठी दबावही येत नाही. ‘हस्तक्षेप नको’ म्हणणारे आणि ‘लगेच करा’ म्हणणारे दोघेही घरट्याकडेच पाहत असतात. डीडीटीवरील बंदी हाही हस्तक्षेपच होता. तो कोणत्याही एका पिल्लासाठी नव्हता; म्हणून तो सगळ्यांना उपयोगी पडला.

वर्गात काय करता येईल?

एक व्यावहारिक अडचण आधी लक्षात घ्यावी. मार्चच्या अखेरीस कॅलिफोर्नियाची वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. आपली दुपारची शाळा अकरा ते पाच भरते, तेव्हा बिग बेअरला रात्रीचे साडेदहा ते पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. म्हणजे वर्गात दिसतो तो झोपलेला पक्षी. मग साहजिकच शिक्षक निवडक प्रसंगांच्या ध्वनिचित्रफिती दाखवतात : अंडे फुटले, भांडण झाले, घुबड आले. येथे छेद दुसऱ्यांदा हरवतो. दिवसाच्या चोवीस तासांतून कुणीतरी निवडलेली तीन मिनिटे म्हणजे गरुडाचा दिवस नव्हे.

जीन अल्टमन यांनी १९७४ साली प्राण्यांच्या वर्तनाचे निरीक्षण कसे करावे यावर एक निबंध लिहिला. तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांचा मुद्दा असा की लक्ष वेधेल ते टिपत गेले तर ठळक घटनांचीच नोंद होते आणि शांत घटना सुटतात. म्हणून काय नोंदायचे आणि केव्हा नोंदायचे हे आधीच ठरवावे. शाळेसाठी सर्वांत सोपी पद्धत ठरावीक वेळेच्या नोंदीची आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तेथे सकाळचे आठ वाजलेले असतात. मोठ्या विद्यार्थ्यांनी घरी पाळ्या लावून घ्याव्यात. दर पाच मिनिटांनी एकदाच पडद्याकडे पाहून लिहावे : घरट्यात कोण आहे, बसले आहे, भरवते आहे की उभे आहे. मधल्या वेळात कितीही रोमांचक काही घडले तरी ते या तक्त्यात लिहायचे नाही. तासाला १२ नोंदी, दहा तासांच्या १२०. समजा त्यांपैकी ७८ नोंदींत मादी घरट्यात आहे. म्हणजे ६५ टक्के. पिल्ले दोन आठवड्यांची झाल्यावर हा आकडा किती होतो? थंडीच्या दिवशी वाढतो का? आता मुले चित्रपट पाहत नाहीत, निरीक्षण करतात. आणि ‘बापाचे लक्ष नाही’ असे कुणी म्हणाले, तर घरट्याबाहेरच्या नोंदी आपल्याजवळ नाहीत, हे त्यांचे तेच सांगतील.

याबरोबर दुसरे काम शाळेच्या परिसरात करावे. गावातील कावळ्यांची, घारींची, बुलबुलांची घरटी शोधावीत. जवळ जायचे नाही, झाडाला हात लावायचा नाही. लांबून पाहून आठवड्यातून एकदा नोंद करायची. वीस घरटी मिळाली तरी पुरे. किती घरट्यांत पिल्ले झाली, किती ओस पडली, एवढेच लिहायचे. ब्रोलींच्या तीन रकान्यांचा हा तक्ता असेल. हाच तक्ता पुढच्या वर्षीच्या वर्गाने पुढे चालवला, तर पाच वर्षांत त्या गावाबद्दल अशी माहिती तयार होईल जी अन्यत्र कोठेही मिळणार नाही.

महाराष्ट्राला याचा वारसा आहे. सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात सुगरणीच्या वसाहतीसमोर शिडीवर बसून निरीक्षण केले. कोणता नर कोणते घरटे विणतो आणि कोणती मादी कोठे येते याचा माग त्यांनी ठेवला. अर्धवट विणलेले घरटे मादीने पसंत केल्यावरच नर ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यातून उघड झाले. एकाच घरट्याकडे पाहत राहिल्याने हे कळले नसते. तेथे एक सुखी जोडपे दिसले असते.

कॅमेरा बंद करावा असे या लेखाचे म्हणणे नाही. तो जरूर दाखवावा. गरुडाच्या पिल्लाने पहिल्यांदा पंख उघडलेले पाहून ज्याला काहीच वाटत नाही, तो पुढे वही घेऊन बसणार नाही. मात्र पडदा सुरू करण्यापूर्वी फळ्यावर एक आडवी रेघ काढावी, तिच्यावर १ लिहावा आणि तिच्याखालची जागा रिकामी ठेवावी. ती जागा कशाने भरायची, हा त्या दिवसाचा पाठ.